समोर प्रबळगड

आमच्या कंपूची सहल ठरते तेव्हा डझनभर जण येणार असतात आणि निघताना चौघं उरतात. गळतीचा क्रमसुद्धा ठरलेला आहे. ज्याच्याकडे मोठी गाडी आहे तो सगळ्यात आधी गळतो, आणि ज्याने ग्रुपवर पहिला अंगठा टाकलेला असतो तोच आदल्या रात्री अंगठा दाखवतो. या खेपेला त्याच्या सासूबाईंच्या गुडघ्याने घात केला. ऐन पावसाळ्यात माथेरानला जायची कल्पना मूळ त्याचीच होती.

उरलो ते मास्तर, वकील, खजिनदार आणि मी. खजिनदार कुठल्याही संस्थेचा खजिनदार नाही. कॉलेजच्या कँटीनपासून चहाचे पैसे तोच गोळा करतो, म्हणून नाव पडलं ते पडलं.

रविवारच्या मेगाब्लॉकच्या धास्तीने शनिवार निवडला. दादरहून सकाळची कर्जत लोकल धरली. धबधब्यांवर निघालेल्या पोरांचा घोळका दारात होता, पण आत बसायला मिळालं, तेही खिडकीशी. मुंबईकराला खिडकी मिळाली की पुढचं सगळं फाव. बदलापूर सुटलं आणि पाऊस तिरका झाला. वांगणीला काचा खाली ओढल्या. नेरळला उतरलो तेव्हा डोंगर असायला हवा होता तिथे नुसता ढग होता.

मास्तरांना खरं तर माथेरानशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना माथेरानची छोटी गाडी हवी होती. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही होतं. पण रेल्वेवर त्यांची श्रद्धाच अशी, की खिडकीवरच्या माणसाच्या तोंडून ‘नाही’ ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान होईना. ते ऐकून आले आणि ओल्या, अरुंद रुळांपाशी उभे राहिले.

माणूस ओळखायचा तर तो सुखात कसा वागतो ते बघू नये, हिरमुसतो कसा ते बघावं. खजिनदार हिरमुसला की हिशेब काढतो. वकील दाद मागतो. मी खातो. आणि मास्तर इतिहास सांगतात. शेअर टॅक्सीवाला पाचवं गिऱ्हाईक शोधत होता तोवर त्यांनी आम्हाला आदमजी पीरभॉयांच्या घरी नेऊन आणलं. सर आदमजींचा पैसा, मुलगा अब्दुल हुसेन याची जिद्द. १९०४ साली काम सुरू, १९०७ साली गाडी धावली. रूळ दोन फुटी, वाट साधारण एकवीस किलोमीटरची. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज. २००५ च्या जुलैतल्या त्या पावसाने हा मार्ग असा उखडला, की पुन्हा गाडी धावायला २००७ उजाडलं. घाटात टॅक्सी रूळ ओलांडायची तेव्हा मास्तर काचेवरची वाफ बाहीने पुसायचे आणि रुळांकडे असे बघायचे, की ड्रायव्हरनेही गाडी जरा हळू केली.

दस्तुरी नाक्यावर मोटारींचं राज्य संपतं. पावती फाडली. अमन लॉजहून वर शटल गाडी असते, म्हणून मास्तर धावले. रांग लांबलचक. आमचा नंबर दोन माणसांवर आला आणि त्या फेरीची तिकिटं संपली. वकिलांनी ताबडतोब दाद मागितली. पुढच्या फेरीला या, असं उत्तर मिळालं. खजिनदाराने तेवढ्यात पायी जाण्यात किती पैसे वाचतात ते काढून ठेवलं होतं. रुळांच्या कडेने चालत निघालो. लाल चिखल, वर झाडांचं छत, पाऊस थांबला तरी पानांवरचा पाऊस चालूच. खजिनदाराचे नवे पांढरे बूट स्टेशनपर्यंत विटेच्या रंगाचे झाले. ‘धुतले की निघेल,’ असं आम्ही तिघांनी आळीपाळीने सांगितलं. माथेरानची माती निघत नाही.

बाजारात वकिलांनी कणीस घेतलं. चांगलं निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबू-तिखट चोळलेलं. ते तोंडाशी नेतात तोच पत्र्यावरून माकड उतरलं आणि अजिबात घाई न करता कणीस घेऊन गेलं. वकील म्हणाले, “अरे ए!” तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाचा सगळा युक्तिवाद तेवढाच. माकडाने वर बसून, आमच्याकडे बघत, दाणे सोलून खाल्ले. तिखट बहुधा त्यालाही जास्त झालं असावं; अर्धं कणीस त्याने खाली फेकलं, ते नेमकं बुटांवर.

पोटाची सोय करायला एका खानावळीत शिरलो. बाहेर फळ्यावर ‘चुलीवरचं पिठलं-भाकरी’ असं मोठ्या अक्षरांत.

“पिठलं संपलं.”

“इतक्यात? अजून बारा वाजायचेत.”

“पनीर टिक्का आहे. शेजवान राईस आहे.”

“भाकरी?”

“भाकरी आहे. पनीरबरोबर देऊ?”

मी दोन्ही खाल्लं.

खजिनदाराचे गुडघे बोलायला लागले म्हणून त्याच्यापुरता घोडा केला. त्यामुळे घोडेवाला आपोआप चौघांचा वाटाड्या झाला. इथे पॉइंटांना तोटा नाही, आणि निम्म्यांची नावं साहेबांनी ठेवलेली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला आणि त्याने माथेरान ‘शोधलं’, म्हणतात. इथे आधीपासून राहणाऱ्या धनगर-ठाकरांना ते हरवल्याचं ठाऊक नसावं. एको पॉइंटला धुकं होतं. शार्लोट लेकचं पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं; पिसारनाथाच्या देवळात तेवढं दर्शन स्वच्छ झालं. मग लुईझा पॉइंट. कठड्याला धरून चौघं ओळीने उभे राहिलो. समोर पांढरं, खाली पांढरं.

घोडेवाल्याने काठी उचलली आणि त्या पांढऱ्यात रोखली.

“हा समोर प्रबळगड.”

“कुठे?”

“समोरच. जागा सोडत नाही तो.” काठी जराशी सरकली. “त्याच्या बगलेला कलावंतीणीचा सुळका. लोक चढतात वर, पायऱ्या हायेत कातळात. खाली पनवेलची बाजू.”

“पनवेलला माझा फ्लॅट आहे,” खजिनदार घोड्यावरून म्हणाला. “दिसतो का?”

घोडेवाल्याने डोळे बारीक करून बघितलं. “कितवा मजला?”

“चौथा.”

“चौथा नाय दिसायचा, साहेब.”

तो इतक्या सरळपणे बोलला की आम्हाला हसायलाही वेळ लागला. मग मात्र वकील कठड्यावर डोकं टेकून हसले. पुढच्या दोन पॉइंटांवर आम्ही स्वतःहून त्याला विचारत होतो, आज काय काय दिसत नाही? तोही रंगला. माझ्या मते त्या दिवशी डोंगर दिसले असते तर आम्ही फोटो काढून दहा मिनिटांत हललो असतो. तिथे तासभर उभे होतो.

परतताना अमन लॉजपर्यंत शटल मिळाली. मास्तर खिडकीशी बसले, गाडी सुटली, आणि ते इतिहास सांगायचं विसरले. गाडी थांबल्यावर मात्र म्हणाले, “एवढंच?”

नेरळच्या फलाटावर खजिनदाराने वही काढली. टॅक्सी, पावत्या, पनीर, चिक्की, घोडा. घोड्याचे पैसे चौघांत की एकट्याचे, यावर वकिलांनी त्याची बाजू मोफत लढवली आणि हरले. लोकल यायला वेळ होता, म्हणून त्यांनी लुईझा पॉइंटचा फोटो ग्रुपवर टाकला: कोरी पांढरी चौकट, कोपऱ्यात काठीचं टोक, खाली ‘समोर प्रबळगड’.

सासूबाईंच्या गुडघ्यावाल्याचं उत्तर लगेच आलं.

“अप्रतिम! मी असतो तर अजून मजा आली असती.”