मी दिलेली फाइल

अमेरिकेत एमएस करताना पहिल्याच सत्रात मी जी चूक केली, तिला मी बराच काळ 'मदत' म्हणत होतो. रूममेटने प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटची माझी फाइल मागितली. "नुसती बघतो रे," म्हणाला. मी पाठवली. त्याने व्हेरिएबलची नावं बदलली, फंक्शन्स खालीवर केली आणि जमा करून टाकली. 'मॉस' नावाची एक प्रणाली असते, हे आमच्या गावीही नव्हतं. अ‍ॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली ही प्रणाली नावांना भुलत नाही, प्रोग्रामची रचनाच ताडून पाहते.

दोघांनाही बोलावणं आलं. समितीत विद्यार्थीही होते. मी ठासून सांगितलं, की मी फाइल दिली, कुणाची घेतली नाही. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, की ज्यांनी स्वतः रात्र जागून निम्मंच जमवलं, त्यांचा विचार केलास का? केला नव्हता. दोघांनाही शून्य गुण मिळाले आणि विद्यापीठाच्या दप्तरी नोंद झाली.

त्याआधीची चूक अशी, की ज्या आचारसंहितेखाली मी सही केली होती ती मी वाचलीच नव्हती. नंतर झक मारत वाचली, तेव्हा तिच्यासारख्या इतर संहितांचा इतिहासही चाळला. व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० मध्ये तोंड झाकलेल्या एका विद्यार्थ्याने जॉन डेव्हिस या प्राध्यापकांवर गोळी झाडली आणि त्यात ते गेले. विद्यार्थी आणि शिक्षक एकमेकांना वैरी समजत होते, असा तो काळ. १८४२ मध्ये तिथे विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेवर 'मी कुणाची मदत घेतलेली नाही' अशी शपथ लिहून द्यायची प्रथा सुरू झाली. पुढे १८९३ मध्ये प्रिन्स्टनने आणि १९२१ मध्ये स्टॅनफर्डने हाच मार्ग धरला. कॅलटेकची संहिता तर जेमतेम एका वाक्याची आहे: इथल्या कुणीही इथल्या दुसऱ्या कुणाचा गैरफायदा घेऊ नये. तिच्या भरवशावर विद्यार्थी पेपर खोलीवर नेतात आणि वेळ संपली की स्वतःच पेन खाली ठेवतात.

माझी सगळी घडण भरारी पथकांच्या राज्यातली. आमच्याकडे कॉपीविरुद्ध १९८२ चा कायदाच आहे. सामना पर्यवेक्षकाशी, त्याला चुकवलं की जिंकलो. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा यात काही संबंध असतो, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी मनात आणलं नव्हतं. ही संहिता मात्र तिच्यापासूनच सुरू होते. फसवणूक होते ती तिची, प्राध्यापकांची नंतर.

एक तत्त्व मला अजूनही पचलेलं नाही. दुसऱ्याला गैरप्रकार करताना पाहिलं तर कळवायचं, अशी अपेक्षा अनेक संहितांमध्ये असते. पुढच्या वर्षी मी एकाला परीक्षेत स्वच्छतागृहात फोन बघताना पाहिलं आणि गप्प बसलो. चहाडी करायची नाही, हे शाळेपासून हाडीमाशी मुरलेलं. तर्काने बघितलं तर मी परत तेच केलं होतं, फक्त या वेळी फाइल पाठवावी लागली नाही. आज दिसलं तर तोंड उघडेन का? छातीठोकपणे सांगवत नाही.

विश्वास कुठेही पुरून उरलाय असंही नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डने संहिता बदलली आणि परीक्षेला पर्यवेक्षक ठेवून पाहण्याचा प्रयोग मान्य केला. करोत बापडे. माझी चूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली होती, तिथे कुठला पर्यवेक्षक येणार होता?

ऑगस्टमध्ये तिकडे निघालेल्यांना एवढंच सांगतो: प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकात एकत्र काम कितपत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि ते विषयागणिक वेगळं असतं. ते आधी वाचा. तरी शंका राहिली तर प्राध्यापकांना मेल करून विचारा, ते रागावत नाहीत. आणि रूममेटने फाइल मागितली, तर त्याच्याशेजारी बसून त्याचं कुठे अडलंय ते विचारा, फाइल देऊ नका.