लेबलावर काय लिहायचं? चौथीच्या वर्गातलं जाहिरातलेखन



जाहिरातलेखन म्हटलं की आपल्याला नववी-दहावीची मुलं आठवतात. पण चौथीच्या मुलांकडून ते जरूर करून घ्या, निदान आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तरी. कारण इथल्या कितीतरी मुलांच्या घरात कपड्याचा धंदा आधीच शिरलेला असतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला जीन्सचा बाजार तुम्हाला माहीत असेलच. कापड एकीकडे कापतात, शिलाई दुसरीकडे, धुलाई तिसरीकडे आणि शेवटी गठ्ठा धागे कापायला घरी येतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच आया दुपारी दारात बसून हेच काम करतात. जेवढे पीस, तेवढे पैसे.

मी मुलांना सांगितलं, "तुमची स्वतःची जीन्सची कंपनी आहे. तिचं नाव, तिची खूण आणि जाहिरातीची एक ओळ तयार करा." साहित्य म्हणजे जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि रंगपेटी, बस्स.

पहिल्या तासाला काय आलं? सगळी नावं इंग्रजी. गरुड, वाघ, तलवारी. एका पठ्ठ्याने 'मेड इन यूएसए' लिहिलं आणि गालातल्या गालात हसला. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. मला तो आवडतो, पण त्यात एक टोचणीही आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी लष्कराच्या रिकाम्या छावणीत संसार मांडले, हाताला येईल तो धंदा केला. 1949 साली या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. एवढं करूनही मालावर दुसऱ्या गावाचं नाव का टाकावंसं वाटतं, हे मुलांना जरूर विचारा.

दुसऱ्या दिवशी 'छाप' या शब्दावर बोललो. ब्रँड हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे घोडा छाप, हत्ती छाप होतेच. पूर्वी गिरणीच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर देवांची, प्राण्यांची रंगीत चित्रं चिकटवत. विलायती गिरण्यासुद्धा हिंदुस्थानात पाठवायच्या कापडावर आपले देव छापत. अमेरिकेत लेव्हीजने 1886 पासून पँटवर दोन घोड्यांची खूण लावली: दोन घोडे दोन बाजूंनी ओढतात, तरी पँट फाटत नाही. वाचता न येणारं गिऱ्हाईकही 'ती दोन घोडेवाली' म्हणून मागू शके. मग आमचा नियम ठरला, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही आपली खूण ओळखता आली पाहिजे. गरुड आणि तलवारी तिथेच गळाल्या.

खरी मजा जाहिरातीच्या ओळीत आली. एकाने लिहिलं, 'रंग कधीच जाणार नाही!' मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "खोटं! रंग काढायलाच तर धुतात." त्याचे वडील धुलाईच्या कामावर होते. मग तो रंग जातो कुठे, इथून गाडी वालधुनी नदीच्या रंगीत पाण्यापर्यंत पोचली. तास संपला तरी मुलं बोलत होती.

म्हणून मी अट घातली: जीन्सबद्दल तुम्हाला स्वतःला पक्की माहीत असलेलीच गोष्ट लिहायची. बराच वेळ वर्ग गप्प. एरवी फारसं न बोलणाऱ्या एका मुलीने धागे कापायची छोटी कात्री काढली आणि खाली लिहिलं: 'एकही धागा लोंबणार नाही. आईने दोनदा बघितलंय.' लिहून झाल्यावर वर हात ठेवून बसली. शेजारचा म्हणाला, "आईचं काम कोणी लेबलावर लिहितं का?" वर्गात दोन तट पडले. चौथीतली मुलं मजुरी आणि मान यावर भांडतात, हे ऐकायला तुम्ही तिथे हवे होतात.

पालकसभेला तिची आई आली. चित्र बघून हसली, पण हळूच म्हणाली, "बाई, भिंतीवर नका लावू. सगळ्यांना कळेल." मी लावलं नाही. घरचं काम वर्गात आणायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. तुम्ही हा उपक्रम घेणार असाल तर प्रदर्शन मांडण्याआधी पालकांना विचारा. निघताना त्या माउलीने पुठ्ठा मागून घेतला आणि पिशवीत आडवा बसेना, म्हणून हातातच धरून नेला.

ज्यांच्या भागात कपड्यांचं काम नाही, त्यांनी मुलांना जुन्या शर्टांची कॉलरची लेबलं आणायला सांगा. धुण्या-इस्त्रीच्या खुणांपासून सुरुवात केली तरी एक तास सहज जातो.