मायनफेल्ड : सोनीच्या गावी

आमच्या डिचोलीच्या घरी टीव्हीखालच्या खणात तीन व्हिडिओ कॅसेट होत्या. एक आत्याच्या लग्नाची, एक कुठल्याशा नाटकाची आणि तिसरीवर काकाच्या अक्षरात नुसतं ‘कार्टून’. काका तेव्हा मस्कतला होता. १९९६ साल असेल, मी दुसरीत होतो. तिथल्या टीव्हीवरून टेप केलेली ती कॅसेट त्याने गावच्या कुणाबरोबर तरी पाठवली होती. कार्टून अरबीत होतं. घरात अरबी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे गोष्ट सांगायचं काम आपोआप आजीकडे आलं.

आजीने त्यातल्या मुलीचं नाव सोनी ठेवलं. कुत्र्याचं वाघ्या. एका भागात मुलगी पांढरे मऊ पाव कपड्यांच्या कपाटात लपवून ठेवते. आजीने लगेच सांगितलं, “गावात एक म्हातारी आहे, तिला दात नाहीत. पोदेराचा कडक उंडा तिला चावत नाही, म्हणून पोर तिच्यासाठी मऊ पाव साठवते.” आजी स्वतः पाव खात नसे, तिच्या पिढीतल्या आमच्याकडच्या पुष्कळ बायका खात नसत. पण पोदेराच्या सायकलचा पोंय-पोंय आवाज आला की आम्हांला पैसे तीच द्यायची.

कॅसेट अर्ध्यावर संपायची. सोनी एका मोठ्या शहरात उंच मनोऱ्यावर चढते, डोळ्यांवर हात धरून लांब बघते, आणि दिसतात ती नुसती छपरं. मग पडद्यावर मुंग्या. आम्ही विचारायचो, “पुढे काय झालं?” आजी पदराने डोळे पुसत सांगायची, “आली गो बाय, आली. चवथीला घरी आली.”

पुढे एका पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागली आणि ती फेकून दिली. आजी २००८ मध्ये गेली. माझ्या डोक्यात चार तुकडे उरले : आभाळातून सोडलेला असावा एवढा लांब झोपाळा, कपाटातले पाव, मनोरा, आणि एका मोठ्या अंधाऱ्या घरात रात्री पांढऱ्या झग्यात चालणारी भुतासारखी आकृती. ताईच्या मते त्यात बकऱ्याही होत्या. मला एकही बकरी आठवत नव्हती. उलट ही तीन वेगवेगळी कार्टून्स असावीत, काकाने एकामागून एक टेप केलेली, असं माझं ठाम मत होतं.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ऍनिमे बघणारी मुलं पुष्कळ होती. त्यांना मी पांढऱ्या झग्यातल्या भुताबद्दल विचारलं की दर वेळी नवीन नाव मिळायचं. त्या नादात मी दोन-तीन भयंकर भीतीदायक मालिका बघितल्या, पण सोनी काही त्यात नव्हती. चूक माझीच होती. लक्षात राहिलेल्यातलं सगळ्यांत ठळक ते मी शोधत होतो, आणि ठळक होतं ते माझ्या भीतीमुळे.

२०१९ च्या उन्हाळ्यात कामासाठी झुरिकला होतो. एका रविवारी जोराचा पाऊस आला म्हणून स्टेशनला लागूनच असलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरलो. आत एक प्रदर्शन चालू होतं, ‘हायडी इन जपान’. हायडी हे नाव मला माहीत होतं. विमानतळावरच्या भुयारी गाडीतसुद्धा भिंतीवर ती दिसते आणि गाईंच्या घंटा वाजतात. स्वित्झर्लंडचं चॉकलेट, घड्याळ, तशी ही हायडी, एवढंच माझ्या लेखी. प्रदर्शनात एक पडदा होता. त्यावर लाल झग्यातली, आखूड काळ्या केसांची मुलगी झोपाळ्यावर बसली होती. झोपाळा डोंगराच्या वरून गेला, खाली गाव लहान होत गेलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने मराठीत निघालं, “अरे, ही सोनी!” शेजारचे आजोबा दोन पावलं बाजूला सरकले.

तर सोनीची खरी गोष्ट अशी. योहाना श्पीरी या स्विस लेखिकेने १८८० आणि १८८१ मध्ये दोन भागांत ‘हायडी’ लिहिली. आईबाप नसलेली मुलगी, डोंगरावर एकटा राहणारा तिचा तुसडा आजोबा, बकऱ्या राखणारा पेटर. (ताई बरोबर होती, मालिकेत बकऱ्याच बकऱ्या आहेत.) नंतर मावशी तिला फ्रँकफुर्टला एका श्रीमंत घरी नेऊन सोडते, चालता न येणाऱ्या क्लाराला सोबत म्हणून. १९७४ मध्ये जपानमध्ये या पुस्तकावर ५२ भागांची मालिका झाली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, पात्रांची चित्रं योइची कोताबे यांची, आणि प्रत्येक दृश्याची मांडणी करणारे हायाओ मियाझाकी. हेच ताकाहाता आणि मियाझाकी पुढे स्टुडिओ जिब्लीमुळे जगाला माहीत झाले. चित्रं काढायच्या आधी, १९७३ मध्ये, ही मंडळी स्वित्झर्लंडला येऊन गावं, घरं आणि डोंगर बघून गेली होती. आज हे साधं वाटतं. तेव्हा मुलांच्या कार्टूनसाठी कोण एवढं करत होतं? मग ती मालिका अनेक भाषांत गेली. त्यातली अरबी मस्कतच्या एका खोलीत पोचली, आणि तिथून डिचोलीत येऊन मराठी झाली.

त्या आठवड्यात रोज रात्री मी जपानी आवाजातले आणि खाली इंग्रजी अक्षरांचे भाग बघितले. आजीची गोष्ट बरीचशी बरोबर निघाली याचं मला फार आश्चर्य वाटलं. पाव खरोखरच पेटरच्या आंधळ्या आजीसाठी होते, कारण तिला काळा कडक पाव खाता येत नव्हता. कुत्रा तर पुस्तकात नाहीच, तो जपान्यांनी घातला. आजीने वाघ्या म्हटलं, त्यांनी योझेफ म्हटलं, एवढाच फरक. भूत मात्र भूत नव्हतं. घराची ओढ लागलेली हायडी झोपेत चालत खाली येऊन रात्री मोठा दरवाजा उघडते, आणि घरातले नोकर घाबरतात. डॉक्टर तिला तपासून सांगतात की हिला औषध एकच, घरी पाठवा. ज्या दृश्याला भिऊन मी गोधडीत शिरायचो ते हे होतं.

त्या वर्षी गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला, सोमवारी होती, आणि आमचं काम त्याच आठवड्यात चालू करायचं असल्यामुळे मला सुट्टी नव्हती. चवथीला घरी नसण्याची माझी ती पहिलीच वेळ. आदल्या दिवशी रविवार. खोलीत बसून घरचे फोटो बघत राहण्यापेक्षा मायनफेल्डला जाऊ म्हटलं.

झुरिकहून झारगान्सला आणि तिथून छोट्या गाडीने मायनफेल्ड, सगळा मिळून साधारण सव्वा तास. जाताना डाव्या हाताला बसा. आधी झुरिकचं तळं आणि नंतर वालेनझे, हिरव्या पाण्यातून सरळ उभे राहिलेले कडे. मायनफेल्ड छोटंसं आहे, चारी बाजूंनी द्राक्षमळे. इथली वाईन प्रसिद्ध आहे. स्टेशनपासून पाट्या बघत, द्राक्षमळ्यांमधून अर्धा-पाऊण तास चढत गेलं की ‘हायडीडोर्फ’ लागतं, म्हणजे हायडीचं गाव. पाट्यांवर जपानी अक्षरंही दिसतात. तिकीट काढून घरात शिरायचं, लाकडी टेबल, चूल, माळ्यावर गवताची गादी. श्पीरीबाईंनी पुस्तकातलं गाव कल्पनेने रचलं होतं, ते लोकांनी नंतर इथे उभं केलं. मला तिथे जत्रेसारखं वाटलं. लहान मुलं बरोबर असतील तर बकऱ्यांपाशी त्यांचा तास मजेत जाईल. मोठ्यांनी वर जावं.

वर म्हणजे हायडीआल्प, समुद्रसपाटीपासून १,१११ मीटर. मायनफेल्ड गाव ५०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा चढ सहाशे मीटरचा. वाट जंगलातून जाते, अवघड नाही पण संपत नाही. संगणकासमोर बसून वाढलेल्या पोटाला ती नीट कळते. मध्ये मध्ये झाडी उघडते आणि खाली ऱ्हाईनचं खोरं दिसतं. नदी इथे अजून मोठी झालेली नाही, आखून दिल्यासारखी सरळ वाहते. वर पोचल्यावर लाकडी घर, बाक, मागे फाल्कनिसचा राखाडी कडा आणि वारा. मालिकेत हायडी झोपडीमागच्या तीन उंच देवदारांचा आवाज ऐकत उभी राहते आणि फ्रँकफुर्टला तिला तोच आठवत राहतो. देवदार तेच की दुसरे, मी विचारलं नाही. आवाज मात्र तसाच होता.

साडेबारा वाजले होते, म्हणजे गोव्यात चार. घरी फोन लावला. माटोळी बांधायचं काम चाललं होतं. कुणीतरी नारळाची पेंड धरली होती, कुणी ओरडत होतं की दोर कमी पडला. फोन काकाच्या हातात गेला. मी कॅमेरा फिरवून डोंगर दाखवले आणि म्हटलं, “काका, ते कार्टून सापडलं. सोनीचं.”

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग माटोळीखालून उठून ओसरीवर आला.

त्याने जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. तेव्हा तो आठ जणांच्या खोलीत राहत होता. टीव्ही एकच. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी हे कार्टून लागायचं आणि सगळे मोठे पुरुष ते बघायचे, भाषा कळत नसताना. जमेल तसे त्याने भाग टेप केले. दोन वर्षं त्याला रजा मिळाली नव्हती. मग शुक्रवारीही ड्युटी लागली आणि टेप करणं थांबलं. कॅसेट पाठवल्यावर पुढच्या वेळी शेजाऱ्यांच्या फोनवर आजी आली. परदेशी फोन, मिनिटामिनिटाचे पैसे. तिचा पहिला प्रश्न, “ती पोर घरी गेली काय रे?”

“मी म्हटलं, गेली. काय सांगणार? मी पुढचं बघितलंच नव्हतं. आईशी खोटं बोललो.”

“आणि चवथीचं?”

“ते तिनं घातलं. त्या चवथीला मी येतो असं कळवलं होतं. आलो नाही.”

मी त्याला सांगितलं की हायडी घरी जाते. चौतीस-पस्तिसाव्या भागाच्या सुमाराला आगगाडीने मायनफेल्डला उतरते आणि डोंगर चढून आजोबाकडे जाते. मी आत्ता त्याच स्टेशनवर उतरून आलोय. काकाने पुन्हा विचारलं, “नक्की जाते ना?” मी म्हटलं, नक्की, मी बघितलं. मग आतून कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन ताईच्या मुलाकडे गेला. त्याला डोंगरात रस नव्हता, बकरी बघायची होती.

आता तुमच्यापैकी कुणाला ही मालिका बघायची असेल, घरच्या लहानांना दाखवायची असेल तर एक काळजी घ्या. २०१५ मध्ये संगणकावर केलेली एक नवी हायडी आली आहे, ती वेगळी. हवी ती १९७४ ची, हाताने काढलेली. पहिले दोन भाग कंटाळवाणे वाटतील. कंटाळा येऊ द्या. आजोबा लांब काटीला चीज लावून विस्तवावर धरतो, ते वितळतं, तो ते पावावर ओढतो आणि हायडी बघत राहते, एवढंच कितीतरी वेळ चालतं. आमच्या भाच्याने ते बघून रात्री नऊ वाजता उंडा आणि चीज मागितलं. पुस्तक वाचलेल्यांना एक बदल खटकेल किंवा आवडेल : पुस्तकात पेटर मत्सराने क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो, मालिकेत त्याच्यावर ते पाप नाही. मला मालिका जास्त पटली. आणि झोपाळ्याचं म्हणाल तर मी सेकंद मोजले. एका फेरीला साधारण बारा धरले तर लंबकाच्या सूत्राने दोर जवळजवळ ३६ मीटर येतो, म्हणजे दहा-बारा मजली इमारत. बी. ई. चा मला झालेला हा सर्वांत आनंदाचा उपयोग.

पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, चवथीला आम्ही सगळे घरीच होतो, घरूनच काम चालू होतं. आरत्या झाल्या, जेवणं झाली, मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि हायडी परत येते तो भाग लावला. काका चष्मा पुसून पुढे येऊन बसला. दोन मिनिटं ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “हे काय, जपानी? अरबीत नाही काय रे? अरबीत लाव.”