फराळाच्या ऑर्डरी आणि ग्रीन कार्डाचा फॉर्म

दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी जर्सी सिटीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फराळाच्या याद्या फिरायला लागतात. भाजणीची चकली पाउंडावर, करंज्या डझनावर, अनारसे आधी सांगितले तरच. डबे न्यायला जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्टेशनबाहेर यायचं, नाहीतर न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानापाशी. याद्या टाकणाऱ्या बहुतेक बायका इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या, ग्रीन कार्डवाल्या किंवा नागरिक. त्यांच्यासाठी हा सरळ घरगुती व्यवसाय आहे. पण अधूनमधून या याद्यांत एखाद्या पंचविशीतल्या मुलीचीही यादी असते. ती नागपूरची असेल, सांगलीची असेल. एमएसच्या दुसऱ्या सेमिस्टरला, चौघींत मिळून घेतलेल्या फ्लॅटवर राहणारी. आईने भाजणी पाठवलेली असते, हात चांगला असतो आणि पुढच्या सेमिस्टरची फी डोक्यावर असते.

पैसे झेल या ॲपवरून थेट बँकेत येतात. पाठवणाऱ्या काकू सवयीने खाली लिहितात, ‘चकली २ पाउंड, करंजी १ डझन, थँक यू बेटा’. त्या एका ओळीत तारीख, रक्कम, नाव आणि कारण, सगळं बँकेच्या नोंदीत कायमचं बसतं. काकूंच्या मनात माया असते, मुलीच्या मनात थोडा आधार. दोघींपैकी कोणाच्याही मनात ग्रीन कार्ड नसतं.

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला कामाची वाट अगदी अरुंद आहे. विद्यापीठाच्या आवारात सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. आवाराबाहेर काम करायचं तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सीपीटी, शिकलेल्या विषयातल्या अनुभवासाठी ओपीटी, किंवा मोजक्या प्रसंगी मागून घेतलेली खास परवानगी. बाकी सगळं परवानगीवाचून केलेलं काम. स्वतःचा धंदा यातून सुटतो, अशी समजूत फार पसरलेली आहे. मालक नाही, पगार नाही, मग नोकरी कसली? हा प्रश्न विद्यार्थ्यांना आज पडतो तसा पूर्वीही पडला होता. परवानगीशिवाय काम केलेल्याला देशात राहून ग्रीन कार्ड मिळू नये, ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि १ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. लगेच पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, इमिग्रेशन अपील मंडळापुढे टाँग नावाने ओळखलं जाणारं प्रकरण आलं. मंडळाने निवाडा दिला की स्वतःसाठी केलेलं कामही या कलमाखाली कामच धरायचं. त्याला आता जवळपास अर्धं शतक होत आलं. तरी दर सप्टेंबरला नव्याने आलेल्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

त्यात न्यू जर्सीची एक वेगळी गुंतागुंत आहे. घरी केलेले, न नासणारे खाद्यपदार्थ विकायला परवानगी देणारं हे अमेरिकेतलं सगळ्यात शेवटचं राज्य. ऑक्टोबर २०२१ मध्ये इथे तसा परवाना सुरू झाला. अर्ज करायचा, फी भरायची, की राज्य सरकारचा कागद हातात. साहजिकच वाटतं की आता सगळं कायदेशीर झालं. पण तो कागद आरोग्य खात्याचा. कोण काम करू शकतं हे ठरवतं केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं, आणि राज्याच्या परवान्याने तिथे काहीच बदलत नाही. एलएलसी काढण्याचंही तेच. कंपनी नावावर असायला हरकत नाही. त्या कंपनीसाठी हात चालवले की मात्र काम सुरू झालं.

कराचाही असाच गैरसमज. मिळकतीवर कर भरला की काम नियमित होतं, असं बिनदिक्कत सांगणारे सीनियर प्रत्येक ग्रुपवर भेटतात. कर भरायलाच हवा, तो न भरणं हा वेगळा गुन्हा. पण कर घेणारं खातं वेगळं आणि व्हिसा पाहणारं वेगळं. विद्यार्थ्याच्या १०४०-एनआर फॉर्मसोबत धंद्याच्या नफ्याचं शेड्यूल सी जोडलं गेलं, तर त्याने काम केलं हे त्यानेच लिहून दिलेलं असतं. म्हणून कर लपवावा असं नाही. काम सुरू करण्याआधीच थांबायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

खरी अडचण कळायला वर्षं लागतात, आणि या सगळ्यातला सगळ्यात क्रूर भाग तोच. ओपीटी होते, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळतो, कंपनी ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करते. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्यांतला सात टक्के वाटा, अशी मर्यादा असल्याने भारतीयांची रांग प्रचंड लांब आहे. २०२५ मध्ये ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात २०१३ च्या आसपास रांगेत लागलेल्या भारतीयांचा नंबर येत होता. म्हणजे चकली विकणारी मुलगी आय-४८५ हा शेवटचा अर्ज भरायला बसेल तेव्हा तिचं लग्न झालेलं असेल, मुलं शाळेत जात असतील, घराचे हप्ते चालू असतील. आणि त्या फॉर्मवर प्रश्न येतो: अमेरिकेत तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का? ‘कधी’ म्हणजे कधीही, विद्यार्थी असतानाचे दिवसही त्यात आले. सही होते ती खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून, आणि मुलाखतीला बोलावलं तर तोच प्रश्न शपथेवर पुन्हा.

याच टप्प्यावर घाबरलेली माणसं मराठी मंडळातल्या कुणा काकांना फोन करतात. काका सांगतात, “अगं, ‘नाही’ लिही. कॅश होती ना? कोणाला कळणार आहे?” हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि तोच सगळ्यात घातक असतो. कारण केलेल्या कामाला कायद्यात माफीची वाट आहे, खोट्या उत्तराला जवळपास नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून लाभ मिळवू पाहणाऱ्यावर कायमची बंदी येते. तिच्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी पती, पत्नी, आई किंवा वडील नागरिक नाहीतर ग्रीन कार्डधारक असावे लागतात आणि त्यांना पराकोटीचा त्रास होईल हे सिद्ध करावं लागतं. ज्या भारतीय जोडप्यांचे आईवडील पुण्यात-कोल्हापुरात आहेत, त्यांच्यासाठी ते दार बंदच.

माफीची वाट आहे इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४५(के) ची. नोकरीच्या आधारावर अर्ज करणाऱ्याने शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर सगळं मिळून १८० दिवसांपेक्षा जास्त नियमभंग केला नसेल, तर ग्रीन कार्ड अडत नाही. पण दिवस मोजायची रीत समजून घ्यायला हवी. दिवसाला दोन तास काम केलं तरी तो पूर्ण दिवस. काम सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचे शनिवार-रविवार आणि सुट्ट्याही धरल्या जातात, मध्ये काम खरोखर बंद होतं याचा पुरावा नसेल तर. दिवाळीपुरत्या ऑर्डरी घेतल्या असतील तर कामाचे दिवस चाळीस-पन्नासच भरतात. पण जी मुलं वर्षभर झूमवर तबला शिकवतात, दर शनिवारी कोणाची वेबसाइट करून देतात किंवा अमराठी मुलांना गणिताची शिकवणी देतात, त्यांची १८० ची मर्यादा त्यांना कळायच्या आत उलटलेली असते.

इथे ‘शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर’ हे शब्द फार मोलाचे आहेत. विद्यार्थिदशेतल्या चुकीनंतर माणूस भारतात जाऊन योग्य व्हिसावर पुन्हा रीतसर आत आला असेल, तर या कलमापुरती मोजणी त्या प्रवेशापासून नव्याने सुरू होते. त्यामुळे अनेकांचं प्रकरण त्यांना वाटतं तितकं बिघडलेलं नसतं. फक्त मुंबईत व्हिसाचा अर्ज भरतानाही आधी व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या का, हा प्रश्न असतो, आणि तिथेही खरंच उत्तर द्यावं लागतं. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांना तर परवानगीशिवाय केलेल्या कामाची ही आडकाठीच नाही. एकाच फ्लॅटमधल्या दोघी, एकाच कढईत तळलेल्या चकल्या. एकीने नागरिकाशी लग्न केलं म्हणून ती मोकळी, दुसरीला बारा वर्षांनी दिवस मोजत बसावं लागतं. याला न्याय म्हणणं कठीण आहे.

चकलीवाल्या मुलीपेक्षा जास्त काळजी वाटावी अशी मुलं दुसरीच आहेत. ती दुसऱ्याच्या नावाचं डिलिव्हरीचं ॲप खातं भाड्याने घेऊन रात्री सायकलवर जेवण पोहोचवतात. काम यांचं, नोंद आणि कराचा कागद खातेवाल्याच्या नावावर. त्याने पैसे दाबले तर तक्रार कुठे करणार? बर्फात अपघात झाला तर विमा कोणाचा? इथे परवानगीचा प्रश्न तर आहेच, वर दुसऱ्याचं नाव वापरल्याचा डाग लागतो. तो १८० दिवसांच्या माफीत बसत नाही. हे काम मुलं हौसेने करत नाहीत. भाडं थकलेलं असतं.

विद्यार्थी असतानाच पकडलं गेलं, तर स्टेटस पुन्हा मिळवायचा अर्जही हातातून जातो. इतर चुकांसाठी तो करता येतो, परवानगीशिवाय काम केलेल्याला नाही. आणि आणखी एक गोष्ट मुलांना माहीत हवी. विद्यापीठातला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा अधिकारी, म्हणजे डीएसओ, कितीही भला असला तरी नियमभंग कळल्यावर तो सरकारी नोंदीत टाकणं त्याचं कर्तव्य आहे. वकिलाशी झालेलं बोलणं गुप्त राहतं. चूक होऊन गेली असेल तर पहिला फोन इमिग्रेशन वकिलाला करायचा. त्याच्यासमोर बँकेची पानं, तारखा, पासपोर्टवरचे शिक्के मांडायचे. एका तासाची फी जड वाटली तरी ती द्यावी.

ओपीटीवर स्वतःचा व्यवसाय चालतो, हे खरं. पदवीनंतरच्या पहिल्या १२ महिन्यांत रीतसर परवाने घेऊन, पूर्णवेळ, शिकलेल्या विषयाशी निगडित धंदा करता येतो. कॉम्प्युटर सायन्सवाल्याचा फराळ त्यात बसणार नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, म्हणजे स्टेमच्या, विद्यार्थ्यांना ओपीटीत मिळणाऱ्या २४ महिन्यांच्या वाढीत तर स्वयंरोजगार चालतच नाही. मंडळाच्या गणपतीत पंगतीला वाढणं, दिंडीत ढोल वाजवणं, हे बिनपैशाचं सेवाकार्य, त्याला अडचण नाही.

ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त बोलायला हवं ती मात्र कोपऱ्यात पडून आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त. त्यांतल्या कितीतरी जणांनी घर गहाण टाकून कर्ज काढलेलं असतं. २०२१ मध्ये डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. वीस हजार डॉलरची फी १४ लाख ८० हजारांवरून थेट १८ लाखांवर गेली, कोणाची काही चूक नसताना. नेमक्या अशाच वेळेसाठी एफ-१ च्या नियमांत आर्थिक अडचणीची एक तरतूद आहे. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं, स्टेटस नीट असावं आणि अडचण अचानक, स्वतःच्या हाताबाहेरची असावी. मग डीएसओच्या शिफारशीने आय-७६५ हा अर्ज भरून आवाराबाहेर आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ, काम करायची परवानगी मागता येते. नियमात उदाहरणंही दिली आहेत: विनिमय दरातली मोठी घसरण, फी किंवा राहणीखर्चातली बेसुमार वाढ, खर्च उचलणाऱ्याची परिस्थिती बदलणं, दवाखान्याची बिलं. रुपया घसरला हे कारण नियमातच लिहिलेलं असताना मुलं लपतछपत डबे पोहोचवतात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. परवानगी हमखास मिळते असं नाही, फी भरावी लागते, वाट पाहावी लागते, आणि कामाच्या परवानगीचं कार्ड हाती येईपर्यंत काम सुरू करता येत नाही.

न्यू जर्सीत मराठी माणसांची मंडळं आहेत, सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वागताचे कार्यक्रम होतात, वापरलेल्या गाद्या आणि प्रेशर कुकर मायेने दिले जातात. त्याच कार्यक्रमात एखाद्या वकिलाला अर्धा तास बोलावलं, आणि आय-७६५ ची माहिती मराठीत एका पानावर छापून कुकरसोबत दिली, तर पुढच्या दिवाळीच्या याद्या टाकण्याआधी कुठली तरी मुलगी डीएसओच्या दारात जाऊन विचारेल, की रुपया घसरलाय, मला अर्ज करता येईल का.