नक्की म्हणजे कधी?

पुणे,
आषाढातला रविवार, सकाळ

प्रिय सुमे,

तुझा आवाजी निरोप दोनदा ऐकला. "या डिसेंबरात नक्की येते गं" म्हणालीस आणि मला हसू फुटलं. रागावू नकोस. मागचे सहा डिसेंबर तू नक्कीच येणार होतीस. दर दिवाळीनंतर मी तुझ्यासाठी माळ्यावरची गादी उतरवते, गच्चीत ऊन दाखवते आणि संक्रांतीला ती पुन्हा माळ्यावर जाते. तू थापा मारतेस असं मला एकदाही वाटलेलं नाही. म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात असतंच. मग अडतं कुठे, हा प्रश्न हल्ली माझ्या डोक्यात बसलाय, आणि त्याला कारण माझी भाची.

ती मानसशास्त्रात एम.ए. करते. प्रकल्पासाठी आमच्या सोसायटीत हेल्मेटची प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडली. हेल्मेट घालणं शहाणपणाचं आहे असं तुम्हाला किती वाटतं, एक ते सात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सातावर गोल केला, वर समासात "कायदा कडक हवा" असं पेनाने लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ही पोरगी सकाळी वॉचमनच्या खुर्चीत जाऊन बसली. काका निघाले. हेल्मेट होतं, नाही असं नाही, पण ते स्कूटरवर दोन पावलांच्या मधे, मंडईतून आणलेल्या कलिंगडासारखं. हिला बघून म्हणाले, "इथे कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय!" परवा मी रिक्षात होते तेव्हा तेच काका नळस्टॉपच्या अलीकडे दिसले. एका हाताने कलिंगड उचललं, डोक्यावर ठेवलं, पट्टा तसाच लोंबत. पोलीस मागे पडले आणि कलिंगड परत पायाशी.

तुला पुणं आणि हेल्मेट हे प्रकरण काय सांगायचं! कायद्यात 1988 पासून कलम 129 आहे. 2019 च्या 1 जानेवारीला इथे सक्तीची कारवाई सुरू झाली, तर लोक डोक्याला पुणेरी पगड्या घालून निषेधाला रस्त्यावर उतरले. तेव्हा मी वैतागले होते. आता वाटतं, पगडीवाले निदान बोलले तसे वागले. आमच्या काकांचं काय करायचं?

भाची म्हणाली, मावशी, काका ढोंगी नाहीत, प्रश्न चुकलाय. मग तिने मला एक गंमत सांगितली. रिचर्ड लापिएर नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक 1930 पासून एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने देशभर हिंडले. चिनी लोकांबद्दल तेव्हा तिकडे भयंकर आकस. तरी 251 हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना दारातून परत पाठवलं. सहा महिन्यांनी लापिएरनी त्याच जागांना पत्रं टाकली, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तरं आली त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी चक्क "नाही" लिहिलं. म्हणजे कागदावर वाईट आणि दारात बरे. समोर नीटनेटकी माणसं, हातात बॅगा, सोबत गोरा प्राध्यापक. कोण नको म्हणणार?

मी तिला म्हटलं, आमच्या पुण्यात याच्या बरोबर उलटं घडलंय, चल दाखवते. आणि तिला गुरुवार पेठेत पंचहौदला घेऊन गेले. पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्याखाली उभं राहून तिला ते चहाचं ग्रामण्य सांगितलं. 1890 च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गावातली बडी मंडळी जमली. रानडे, टिळक, गोखले, सगळे. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, या उपद्व्यापाच्या मुळाशी. व्याख्यान झालं, ख्रिस्ती मिशनची चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी प्यायले, कोणी कप नुसता घेऊन बाजूला ठेवला. गोपाळरावांनी मग सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतलं, तेही स्वतःला पटलं म्हणून नव्हे, बहिष्काराने मित्रांचे हाल होत होते म्हणून.

विचार कर सुमे, त्या कपाजवळ बसलेल्या कोणाला जातिभेदाबद्दल एक ते सात विचारलं असतं तर बहुतेकांनी काय लिहिलं असतं? पण कपाला हात लावताना डोळ्यांपुढे जातिभेद नसतो गं, घरातली म्हातारी असते, मुलीचं लग्न असतं, श्राद्धाला भटजी येईल का ही चिंता असते.

हेच भाचीच्या पुस्तकात आहे, फक्त रटाळ भाषेत. आइसेक आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 'नियोजित वर्तना'चा सिद्धांत. माणूस काय करणार हे त्याच्या इराद्यावरून ओळखावं, आणि इरादा तीन गोष्टींतून बनतो: ती गोष्ट करणं मला कसं वाटतं, माझी माणसं काय म्हणतील, आणि मला ते जमेल असं वाटतं का. तिसरी गोष्ट आयझेननी 1985 मध्ये मागाहून जोडली. त्याआधी मार्टिन फिशबाइनबरोबर मांडणी केली होती तेव्हा दोनच होत्या. कुठल्याही पुणेकर सुनेने त्यांना तिसरी लगेच सांगितली असती.

आणि प्रश्न नेमका हवा. 1979 चा एक अभ्यास आहे. बायकांना संततिनियमनाबद्दल एकंदर काय वाटतं असं विचारलं, तर त्यावरून पुढे कोण गोळ्या घेणार याचा अंदाज जवळपास शून्य. शून्य म्हणजे संबंधच नाही आणि एक म्हणजे तंतोतंत, अशा मोजपट्टीवर 0.08. पण "येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल काय वाटतं" असं विचारलं, तर आकडा 0.57 वर गेला. काकांना "हेल्मेट चांगलं का" नव्हे, "उद्या सकाळी दूध आणायला जाताना घालाल का" असं विचारायला हवं होतं.

इथे मला रानडे आणि कर्वे एकदम आठवले. विधवाविवाहाचा कैवार रानड्यांइतका कोणी घेतला असेल? 1873 मध्ये पहिली पत्नी वारली आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. न्यायमूर्तींना नावं ठेवायची माझी पात्रता नाही, आणि त्या मुलीच्या पुढे रमाबाई झाल्या, 'सेवासदन' उभं राहिलं, हेही खरं. पण विधवाविवाह व्हावेत हे एक, आणि या महिन्यात, या घरात, वडील समोर बसलेले असताना मी काय करणार हे दुसरं. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी 1891 मध्ये गेली. त्यांनी ठरवलं, केलं तर विधवेशीच. नुसतं ठरवून बसले नाहीत. मित्राची बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती, तिच्याशी 11 मार्च 1893 ला पुण्यातच लग्न केलं. मुरुडने बहिष्कार घातला तो घातलाच. पण इथे बाई ठरलेली होती, तारीख ठरलेली होती. मला तर वाटतं अर्धी सुधारणा तारखेत असते!

हसतेस? पुरावा ऐक. 2002 मध्ये पास्कल शीरन यांनी आधीच्या ढीगभर अभ्यासांचा गोषवारा काढला. लोकांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण 28 टक्के त्यांच्या इराद्यावरून उलगडतो. बाकीचा इराद्याच्या बाहेर. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर, आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं व्यायाम करायचा. एका गटाला काहीच सांगितलं नाही. 38 टक्क्यांनी केला. दुसऱ्याला हृदयरोगाची सगळी भीती घातली; 35 टक्के. त्यांचा इरादा मात्र पक्का झाला होता बरं का! तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि शिवाय कागदावर लिहायला लावलं, कुठल्या वारी, किती वाजता, कुठे. 91 टक्के.

हे वाचलं आणि मी माझ्याच कपाळाला हात लावला. बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून मी रोज टेकडीवर जाणार होते. बूट आणले, पावलं मोजणारं घड्याळ मुलाने पाठवलं, मधुमेहाची डॉक्टरांनी दाखवलेली भीती होतीच. तीन वर्षांत बुटांचे तळवे नव्यासारखे. आता काय केलंय सांगू? समोरच्या काकू साडेसहाला खाली लेटरबॉक्सपाशी उभ्या राहतात. गेले नाही तर त्या वरती येऊन बेल वाजवतात, आणि आमच्या ह्यांना झोपेतून उठून दार उघडावं लागतं. त्यापेक्षा टेकडी सोपी.

तर आता तुझं. डिसेंबरात "नक्की" नको. मेलबर्नहून कुठल्या तारखेला निघणार, तिकीट कुठल्या वारी काढणार, ते काढताना सोबत कोण बसणार, तुझे यजमान की लेक? सुट्टीचा अर्ज आधी की तिकीट आधी? तुझं दर वेळी तिथेच अडतं, मला ठाऊक आहे. सून काय म्हणेल हेही तुझ्या मनात असतं, तू बोलत नाहीस एवढंच. तिला सरळ विचारून टाक. पुढच्या रविवारी संध्याकाळी मी फोन करीन, तेव्हा मला तारीख हवी. तोवर गादी माळ्यावरच राहील.

आणि हो, महिन्याला एक पत्र लिहायचं मीही कबूल केलं होतं, नि संक्रांतीनंतर हे पहिलंच! माझीही प्रश्नावली सातावरच गोल होती. गेल्या आठवड्यात फ्रिजवर चिठ्ठी लावली, सकाळी पाऊस असला आणि टेकडी चुकली तर चहा घेऊन टेबलाशी बसायचं नि सुमीला लिहायचं. आज साडेपाचपासून मुसळधार होता म्हणून तुला ही चार पानं मिळाली.

आता उघडलाय. बेल वाजली बघ, आणि हे आतून काहीतरी पुटपुटतायत. निघते.

तुझी,
मंदी

ता. क. काकांनी काल पट्टा लावला होता. मागे नात बसली होती.