दोन स्टेशनांच्या मधलं

समुद्र. लोकलने चर्नी रोड सोडलं की चर्चगेटकडे जाताना उजव्या हाताला तो क्षणभर दिसतो. रोजचे पासवाले मोबाइलमधून मान वर करत नाहीत, पण दिसतो. भुयारी मेट्रो-3 गिरगावहून काळबादेवीला निघते तेव्हा काचेत फक्त आपलंच तोंड.

चौथी सीट. मेट्रोची बाकं डब्याच्या लांबीने, भिंतीला पाठ लावून. त्यामुळे विंडो नाही, लोकलमधल्या तिघांच्या बाकावरची चौथीही नाही. अर्ध्या मांडीवर टेकायला मिळावं म्हणून अनोळखी माणसाला ‘जरा सरका’ म्हणणं नाही, आणि तो सरकल्यावरचं कुरकुरणंही नाही. याचं मला फारसं दुःख नाही. एसी आहे.

मोबाइलची रेंज. ऑक्टोबर 2025 मध्ये गाडी कफ परेडपर्यंत धावू लागली तेव्हा खाली पुष्कळांच्या फोनला रेंज नव्हती. माणसं एकमेकांकडे बघत बसली होती. मेट्रोमुळे हरवलेल्या वस्तूंच्या या यादीत ही फार दिवस राहणार नाही.

पत्रे. मेट्रोच्या कामाभोवतीचे. बॅरिकेड म्हणत नसे कुणी. ‘पत्र्याच्या अलीकडे’, ‘पत्र्याला वळसा घालून ये’. पत्ते असेच सांगितले जायचे. पत्र्याला टेकून चहाची किटली, चपलांना टाके घालणारा, एक चावीवाला. पत्रे निघाले, रस्ता रुंद झाला, चावीवाला कुठे गेला कळलं नाही. माझे पाय अजून तिथे वळसा घेतात.

यंत्रं. बोगदे खोदायला 17 लागली. नावं नद्यांची: गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा. शेवटच्या दोघी तशाही मुंबईला पाणी पाजतात. सगळ्यांत आधी गोदावरी दगड फोडून बाहेर आली, 24 सप्टेंबर 2018 ला, विमानतळाच्या टी-टू टर्मिनलपाशी. तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या.

झाडं. ऑक्टोबर 2019. हायकोर्टाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्याच रात्री आरेत करवती सुरू झाल्या. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत 2,141 झाडं आडवी. मेट्रोच्या कारशेडसाठी. साडेतेहेतीस किलोमीटरच्या या मार्गावर 27 स्टेशनं आहेत, त्यांतलं जमिनीवर एकच, आणि ते आरेचं. म्हणजे उजेड बघायचा तर तिथेच जायचं.

चाळींची नावं. काळबादेवी-गिरगावात स्टेशनांसाठी ज्या इमारती पाडल्या त्यांना कुणाच्या आजोबांचं, देवाचं नाहीतर मालकाच्या पहिल्या बायकोचं नाव असायचं. त्यांच्या बदल्यात उभ्या राहणाऱ्या टॉवरना कागदावर के-थ्री, जी-थ्री म्हणतात. घर तिथल्या तिथे मिळणार, हे खरंच मोठं आहे. मुंबईत असं सहसा होत नाही. पण पत्रिकेवर ‘जी-थ्री’ कसं छापायचं, असं एका वधूपित्याने मला विचारलं होतं. गॅलरीचा तो लाकडी कठडाही गेला, कोपरांनी गुळगुळीत झालेला. मिरवणूक बघायला पुढच्यांची डोकी कठड्यावर, मागच्यांची त्यांच्या खांद्यावर.

भेगेवरची पट्टी. माझ्या मावशीची चाळ वाचली, स्टेशनापासून जरा लांब म्हणून. पण काम सुरू व्हायच्या आधी एक मुलगा आला आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर त्याने एक पारदर्शक पट्टी बसवली. एकावर एक दोन तुकडे, खाली मिलिमीटरचे चौकोन, वर लाल फुली. भेग रुंदावली की फुली सरकणार. मुलगा ठरल्या दिवशी यायचा, स्टुलावर चढायचा, वहीत आकडा लिहायचा.

“किती आज?” मावशी चहा पुढे करत विचारायची.

“तेवढीच, आजी.”

भेग तिच्या लग्नाच्या आधीपासूनची. तोवर भेगेकडे कुणी बघितलं नव्हतं. आता मावशी उठल्या उठल्या आधी फुली बघायची, मग देव. शेजारच्या खोलीत पट्टी नव्हती म्हणून त्या बाईंना थोडं लागलंही होतं.

खालून गाड्या सुरू झाल्या. मुलगा शेवटचा आला, स्क्रू काढले, पट्टी खिशात घातली. आता मोजायची गरज नाही म्हणाला. चार भोकं राहिली. वरच्या एका भोकात मावशीने खिळा ठोकलाय आणि कालनिर्णय लावलंय. दर महिन्याला पान उलटताना ती खालची भेग बघून घेते.