मुक्काम

उघड्यावर झोपता यावे म्हणून मुद्दाम पैसे खर्चून सामान विकत घेणारी माणसे जगात असतात, हे मी पुस्तकांतून पुष्कळ वाचले होते. परंतु ती माझ्याच घरात निपजतील असे मला कधी वाटले नव्हते. माझी मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात ॲडिलेडला गेली, त्याला आता नऊ वर्षे झाली. तिकडून तिची जी छायाचित्रे येतात, त्यांत घर थोडे आणि तंबू फार. सुट्टी लागली की ही मंडळी मोटारीत पाण्याचे डबे, शेगडी, अंथरुणे आणि पोराला भरून उत्तरेची वाट धरतात. ॲडिलेडपासून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत सुमारे पंधराशे किलोमीटर. लाल माती, खुरटी झुडपे आणि माणूस औषधालाही नाही. त्या ओसाडीला तिकडे 'आउटबॅक' म्हणतात. तीत तंबू ठोकून चांदण्या मोजणे हा तेथील सुखवस्तू कुटुंबांचा आवडता छंद आहे.

गेल्या दिवाळीत ती मंडळी साताऱ्यास आली. चार दिवस फराळ झाला, आणि पाचव्या दिवशी माझ्या सात वर्षांच्या नातवाने जाहीर केले, "आजोबा, आता इथल्या आउटबॅकला जायचं." मी थट्टेने म्हणालो, "आपल्याकडे आहे की! माणदेश." थट्टा करताना माणसाने आजूबाजूला कोण बसले आहे हे पाहावे. पलीकडे माझी आई वाती वळीत बसली होती. वाती बाजूला ठेवून तिने विचारले, "कुठं जायचं म्हनतोस?" मी समजावून सांगू लागलो, "आई, पोरांना तिकडे छावणी टाकून एक रात्र राहायचं आहे." तिने दचकून माझ्याकडे पाहिले. "छावनी? का रं, वैरण संपली काय?"

तिचे काही चुकले नव्हते. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि 'कॅम्प' या शब्दाला 'छावणी' हा प्रतिशब्द मी वर्गात बेधडक सांगत आलो; परंतु माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत छावणी म्हणजे गुरांची चारा-छावणी. पाऊस तोंड फिरवतो, दावणीतली वैरण सरते, तेव्हा माणसे जनावरे घेऊन तेथे जातात आणि त्यांच्याबरोबर पालाखाली दिवस काढतात. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१९ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीत शेकडो कुटुंबे अशीच राहिली. सहकुटुंब, उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीपाशी. मुक्कामाचे सारे साहित्य तेच. हौस तेवढी नव्हती.

"मी बी येनार," आई म्हणाली. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही सर्वांनी नको म्हणून पाहिले. पण तिने लुगड्याची गाठोडी बांधलीसुद्धा.

साताऱ्याहून निघालो, कोरेगाव मागे टाकले आणि वर्धनगडाचा घाट चढून पलीकडे उतरलो की मुलूख बदलतो. याच जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. आणि पूर्वेस माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. सह्याद्रीने ढग अडवले, की मागे जे उरते त्यावर या लोकांनी शेकडो वर्षे संसार केले. पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशी गावे येऊ लागली. नातू खिडकीला नाक लावून बसला होता. दर पाच-दहा मिनिटांनी एक गाव, एक देऊळ, एक एसटीचा थांबा. अखेर तो कंटाळून म्हणाला, "पण आउटबॅक केव्हा सुरू होणार?" त्याच्या लेखी जेथे माणसे आहेत ती ओसाडी नव्हे. मला त्या वेळी बर्क आणि विल्स यांची आठवण झाली. १८६१ साली हे दोघे शोधक प्रवासी कूपर क्रीकच्या काठी अन्नान्न करून मेले. आणि त्याच काठी यांड्रूवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्या लोकांनी पोसले म्हणून त्या तुकडीतला किंग तेवढा जगला. ओसाडी ही पुष्कळदा जमिनीत नसते, पाहणाऱ्याच्या अज्ञानात असते.

दिघंचीवरून आम्ही आटपाडीच्या बाजूला वळलो. हा मूळचा औंध संस्थानचा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळे याच तालुक्यात. आमचे गावही येथलेच. ते मी पाच वर्षांचा असताना, १९७२ च्या दुष्काळात, सुटले. वडिलांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही सांगलीला आलो. ती गाडीची वाट माझ्या बाळपणाचा सर्वांत रम्य ठेवा आहे. रात्री आभाळाखाली झोपणे, आईने रस्त्याकडेला तीन दगड मांडून भाजलेल्या लालसर भाकऱ्या, आणि एक अख्खा दिवस ओढ्याच्या वाळूत केलेला खेळ! त्या ओढ्यात मी हातांनी खड्डा खणला आणि तळाशी पाणी लागले. वाळूत पाणी सापडते हा शोध माझाच, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे विट्यापर्यंत वडिलांच्या खांद्यावरून गेलो आणि तेथून जन्मात पहिल्यांदा एसटीत बसलो. या प्रवासाचे वर्णन मी मुलीला लहानपणी इतक्यांदा सांगितले आहे, की तिच्या तंबूच्या वेडाचे मूळ त्यातच असावे असा मला मनातून अभिमान होता.

वाटेत एक कालवा लागला. दोन्ही काठ भरून पाणी चालले होते आणि पलीकडे डाळिंबाच्या बागा होत्या. आईने मोटार थांबवायला लावली. "कुठलं रं हे पानी?" मी सांगितले, टेंभू योजनेचे, कऱ्हाडजवळ कृष्णेतून उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवले आहे. ती बराच वेळ पाहत राहिली. "कृष्णा हिकडं आली व्हय," ती म्हणाली. "आमी तिच्याकडं गेलो हुतो."

तंबूची जागा मुलीने म्हसवडच्या अलीकडे दोनदा सुचवली होती. पण आईने 'आनी थोडं फुडं' म्हणत आम्हांला खरसुंडीच्या वाटेवर आणले, आणि एका ओढ्याशी येताच जावयाच्या खांद्यावर हात ठेवून "हितं" म्हणाली. शेताच्या मालकाला विचारले. 'तंबूची काय गरज, घरी चला' असा आग्रह त्याने केला, आणि मोठ्या मिनतवारीने त्याच्या माळावर झोपण्याची परवानगी दिली. नातू आणि जावई यांनी पंधरा मिनिटांत तंबू उभा केला. कुसळी गवत पिवळे पडू लागले होते. शेतांत शाळू वीतभर उगवला होता. ओढ्याच्या पलीकडे एका धनगराचा वाडा उतरला होता. दिवाळी झाली, मेंढरे घेऊन तो कृष्णाकाठी निघाला होता. वाघर लावून झाली होती, घोडीवरचे सामान उतरले होते, आणि एक बाई चुलीपुढे बसली होती. थोड्या वेळाने ती शेळीचे दूध घेऊन आमच्याकडे आली. तंबूकडे, मोटारीकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहून तिने मुलीला विचारले, "घर न्हाई व्हय गं गावात?" मुलीला काय उत्तर द्यावे सुचेना. आईच म्हणाली, "हाय बाई. पोरांना हौस हाय." "असंल," ती बाई म्हणाली, आणि दोघी खूप वेळ मेंढरांच्या भावाविषयी बोलत बसल्या.

मी नातवाला घेऊन ओढ्यात उतरलो आणि माझा जुना पराक्रम त्याला करून दाखवू लागलो. वाळूत कोपरभर खणले, आणि खरोखरच पाणी झिरपले! नातू टाळ्या पिटू लागला. मी मोठ्याने म्हणालो, "आई, पाहिलंस का? अशाच ओढ्यात मी खेळत होतो!"

"अशाच न्हवं," आई काठावरून म्हणाली. "ह्योच. आन खेळत न्हवतास. ते पानी आमी पीत हुतो."

मग तिने सांगितले. तेही सहज, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसे. आम्ही तेथे दिवसभर थांबलो, ते जागा आवडली म्हणून नव्हे. डावीकडचा बैल पहाटे बसला तो उठला नाही. खिलाराचा तो बैल वडिलांनी वासरू असल्यापासून वाढवला होता. पोराने ते पाहू नये म्हणून तिने मला झिरा खणायला ओढ्यात धाडले आणि काठावर बसून गाणी म्हटली. उरलेला बैल आणि गाडी वाटेने जाणाऱ्या एकाने पडत्या भावात घेतली. त्या पैशांत एसटीचे भाडे निघाले. लालसर भाकऱ्या होत्या त्या रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलोच्या. मी गाडीसाठी रडू लागलो तेव्हा वडील म्हणाले होते, "परतीला लागंल म्हनून ठेवलीया." हे वाक्य मला आठवत होते. कित्येक वर्षे ती गाडी कोठे तरी एका झाडाखाली आमची वाट पाहत उभी आहे, असे मी धरून चाललो होतो.

मी काही बोललो नाही. पन्नास वर्षे जी गोष्ट मी सहल म्हणून रंगवून सांगितली, ती आईने प्रत्येक वेळी शेजारी बसून ऐकली होती. एकदाही तिने मला दुरुस्त केले नव्हते. मुलीने हळूच विचारले, "आजी, मग तू आधी कधी बोलली का नाहीस?" आई म्हणाली, "त्याला खेळ वाटावा म्हनून तर समदं केलं. मग मोडायचा कशापायी?"

रात्री तंबूत नातू आणि त्याचे आईबाप झोपले. आई मोटारीत निजली. मी बाहेर घोंगडीवर पडून होतो. ती धनगराने आग्रहाने दिली होती. थंडी बरीच होती. पलीकडे मेंढरे अधूनमधून हलत आणि कुत्रा भुंके. वडिलांनी ती रात्र याच काठावर कशी काढली असेल, हा विचार आयुष्यात प्रथमच माझ्या मनात आला. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीहून मोठा आहे.

सकाळी उठून पाहतो तो पलीकडचा वाडा उठून गेला होता. आईने तीन दगड मांडून आमचा चहा केला. नातू शिस्तीचा, ऑस्ट्रेलियात त्याला शिकवले आहे, की मुक्काम हलवताना आपली खूण मागे ठेवायची नाही. त्याने कागदाचे कपटे वेचले, राख वाळूने झाकली आणि चुलीचे दगड उचलून दूर फेकायला निघाला. आईने त्याचा हात धरला.

"ते ऱ्हाऊ दे, बाळा," ती म्हणाली. "मागनं येनाऱ्याला लागतील."

नातवाने आपल्या आईकडे पाहिले, मग पणजीकडे पाहिले, आणि दगड होते तेथे नीट मांडून ठेवले. मग आम्ही विट्याच्या रस्त्याने सांगलीकडे निघालो.